ड्रायडन पंगतीतून उठलं

...आणि वर मलाच म्हणतो, "ओटिलीबाई, शांत व्हा, ब्लडप्रेशर वाढेल तुमचं!" अरे, वाढेल म्हणजे? वाढलंय! वाढून गावच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलंय! कॉलेजच्या खेळखात्याचा नवा साहेब तो, टकर नावाचा, दात इतके पांढरे की बर्फात हसला तर कुणाला कळायचं नाही, भिंतीवर हा एवढा देशाचा नकाशा टांगलाय आणि त्यावर बोट फिरवत मला शिकवतोय, "हे बघा बाई, कॉलेज फुटबॉल आता पूर्वीचा राहिलेला नाही." मी म्हटलं, "बाळा, मीसुद्धा पूर्वीची राहिलेली नाही, म्हणून कुणी मला उचलून कॅलिफोर्नियात नेऊन टाकत नाही!"

हसू नका. हसण्यासारखं काही नाही यात.

तुम्हाला सांगते, मी काही शिकलेली बाई नाही. आठवी झाली आणि वडिलांनी ट्रॅक्टरवर बसवलं, पुढं जन्मभर शाळेची बस चालवली, आणि बाकीचं जे काय डोक्यात आहे ते हाताला लागेल ते वाचून मीच कोंबलंय, बियाण्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा सोडलं नाही. ऑर्लिन स्टेट कॉलेजच्या वर्गाची पायरी मी चढले नाही, पण त्याच्या फुटबॉलच्या मैदानाच्या पायऱ्या इतक्या चढले, इतक्या चढले की गुडघ्यांची वाटी गेली ती तिथंच कुठंतरी पडली असेल. तर मला शिकवू नका फुटबॉल.

आता कॉन्फरन्स कॉन्फरन्स म्हणून जे बोंबलतात ना सगळे, ते म्हणजे काय? कॉलेजांची पंगत! दुसरं काही नाही. शेजारपाजारची दहाबारा कॉलेजं एका पंगतीला बसायची, वर्षभर आपसात खेळायची, आपसात भांडायची, आपसात एकमेकांची आईबहीण काढायची, आणि बाहेरचा कोणी बोलला तर सगळ्यांनी मिळून त्याला बडवायचं. शंभर वर्षं चाललं होतं छान. आणि ड्रायडन, आमच्यापासून गाडीनं तासाभरावरचं ड्रायडन, एका सकाळी उठलं आणि म्हणालं, आम्ही चाललो. भरल्या पानावरून! कुठं चाललात? तर ग्रेट कोस्ट कॉन्फरन्समध्ये. कोस्ट! म्हणजे समुद्रकिनारा! अहो, कॅन्ससच्या मधोमध बसलंय ते गाव, चहूबाजूंनी गहू, पाणी म्हणाल तर गुरांच्या टाकीत असतं तेवढं, आणि त्यातही चिमण्या मेलेल्या! का गेलं? टीव्हीवाल्यांना हवं होतं. त्या नकाशावर कुणीतरी सुईनं टोचलं आणि ड्रायडन उचललं. जाताना विचारलं का आम्हाला कुणी? नाही विचारलं.

तुम्ही म्हणाल, गेलं तर गेलं, तुम्हाला काय त्याचं? शत्रूच ना तुमचा?

इथंच चुकता तुम्ही.

थँक्सगिव्हिंगच्या सणातल्या टर्कीचं उरलंसुरलं संपायच्या आत जो शनिवार येतो, नोव्हेंबरचा शेवटचा, तो ऑर्लिन आणि ड्रायडनचा. एक वर्ष सामना इथं, एक वर्ष तिथं. आणि त्यात एक रीत आहे, ती या देशात दुसरीकडे कुठं असेल तर मला दाखवा. ज्याच्या गावात सामना, त्यानं पाहुण्यांना जेवू घालायचं. आधी जेवण, मग शिव्या. म्हणे आमच्या आज्यांच्या काळात ड्रायडनची आगगाडी बर्फात अडकली, आमच्या बायकांनी डब्याडब्यात जाऊन कढत जेवण वाढलं, तर ती माणसं उपकार मानायचे सोडून रागावली! "आम्ही काय तुमच्या दारात उपाशी आलो होतो?" पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला असं जेवू घातलं, असं घातलं, की आमच्या पोरांना पळता येईना आणि सामना हरलो. तेव्हापासून सुरू. पिकअपची मागची फळी पाडायची, तिच्यावर पातेली मांडायची, आणि हिरव्या टोप्या घातलेल्या त्या हलकट लोकांना पोटभर वाढायचं.

तिथं मला वर्डीन भेटली. वर्डीन स्ट्रोह. ड्रायडनच्या पोस्टात होती. मी नव्यानं लग्न होऊन आलेली, पहिल्यांदा माझ्या हातची चिली केलेली, खिमा-राजमा असा रटरटून एकजीव केलेला, सोबत दालचिनीचे गोड रोल, कारण चिलीबरोबर दालचिनीचा रोल न खाणाऱ्यांशी आम्ही सोयरीक करत नाही. ही हिरव्या कोटातली लांब नाकाची बाई आली, चमचाभर चाखली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हे आमच्याकडे डुकरांना घालतात. तीही लठ्ठ असतात तेव्हाच." आणि तीन वाट्या खाल्ल्या! उभ्यानं! पुढच्या वर्षी मी तिकडे. तिनं बीरॉक केलेले, कोबी-खिमा भरलेले पाव असतात ते. मी एक चावला आणि म्हटलं, "ड्रायडनकरणी, बुटाचं सोल छान शिवलंयस गं, टाच कुठाय?" ती काय म्हणाली असेल? "टाच तुझ्या चिलीत सापडली होती, ऑर्लिनकरणी, परत पाठवून देते."

झालं. त्या दिवशी जे जमलं ते जमलं.

कधी फोन केला नाही एकमेकींना. कशाला करायचा? तिचं घर मी पाहिलं नाही, तिनं माझं नाही. मुलंबाळं किती, विचारलं नाही. वर्षातून एक शनिवार, दोन तास पिकअपच्या मागे, आणि वर्षभर मी बस चालवता चालवता नवी शिवी तयार करायची, घोळवायची, धार लावायची... मुलं म्हणायची, "ओटिलीआजी एकटीच का हसते?"

आणि डेलमार गेला ते वर्ष. डेलमार म्हणजे माझा नवरा. मक्याच्या कापणीच्या दिवसांत गेला, शेतातच. मग गाव आलं. पाद्री आले, शेजारणी आल्या, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं, प्रत्येकीचा आवाज असा मऊ, असा मऊ... "कशी आहेस गं ओटिली? काही लागलं तर सांग हं ओटिली." मला वाटायचं, मीच मेलेय आणि मला कुणी सांगत नाहीये. दोन महिने कुणी माझ्याशी नीट भांडलं नाही हो! आणि आला तो शनिवार. मी चिली केली, कशी केली मला आठवत नाही. वर्डीन आली. तिला कळलेलं होतं, पोस्टातल्या बाईला काय कळत नाही? चमचाभर खाल्ली. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "मीठ कमी आहे. रडायचं होतं ना गं पातेल्यात थोडं, एवढं घरचं फुकट असताना विकतचं कशाला वापरतेस?"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. एकीनं तोंडावर हात ठेवला.

आणि मी हसले. अशी हसले, अशी हसले की पिकअपला धरून खाली बसले, आणि मग रडले, त्यानंतर एकदाची जेवले. नवरा गेल्यानंतर पोटभर जेवले ते त्या दिवशी. आता कळलं, ड्रायडन गेलं म्हणजे माझं काय गेलं? त्या टकरच्या नकाशावर हे कुठं टोचायचं? विचारलं का कुणी?

तर ड्रायडन उठलं. पंगतीतून एक उठला की काय होतं माहीत आहे ना? शेजारचा चुळबुळ करायला लागतो. महिन्याभरात आणखी दोघं गेले. मागं उरलो आम्ही, अर्ध्या रिकाम्या पंगतीत, पुढ्यात पान, आणि वाढप्याचा पत्ता नाही. मग गावात एकच विषय. आपण कुठं जाणार? आपल्याकडे कोण येणार? लाईल ह्रुस्काच्या औषधाच्या दुकानात सकाळी कॉफीला जमायची ही सगळी मंडळी, आणि देशाची वाटणी करायची! एक म्हणतो, "मोंटानातलं ते खाणवाल्यांचं कॉलेज घेऊ, पोरं दांडगी आहेत." दुसरा म्हणतो, "छे, फ्लोरिडातलं गल्फ टेक घ्या, ऊन तरी बघायला मिळेल." तिसऱ्याला पोर्ट लोवेल हवं, अटलांटिकवरचं, का, तर त्याच्या सुनेचं माहेर तिथं आहे आणि भेटायला जायचं भाडं वाचेल! अहो, मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी करत नाही कुणी! मी म्हटलं, "मंडळी, ह्यातलं एकतरी गाव असं आहे का, जिथं मी पातेलं घेऊन गेले तर चिली गरम पोचेल?" तर सगळे कपात बघायला लागले.

पण लाईल मात्र गप्प बसणारा नाही. लाईलकडे फोनमध्ये ते एक आहे, आकाशातलं कुठलं विमान कुठून कुठं चाललंय ते दिसतं. दिवसभर गोळ्या मोजायच्या सोडून हा विमानं मोजतो. आणि एका मंगळवारी धावत आला माझ्याकडे, ॲप्रनसकट, धाप लागलेली. "ओटिली! ओटिली, निघालं! ग्रेट कोस्टचं ऑफिस ज्या शहरात आहे ना, तिथून एक खाजगी विमान निघालंय, आणि नाक सरळ आपल्या धावपट्टीकडे!"

"अरे लाईल, त्या शहरात एकच ऑफिस आहे का?"

"अगं, आपल्याकडे दुसरं कोण कशाला येईल विमानानं? आमंत्रण घेऊन येताहेत! आपणही कोस्टमध्ये! ड्रायडनच्या शेजारच्या पानावर!"

आता माझं चुकलं असेल तर इथं चुकलं. मला कोस्टशी काय करायचंय? पण ड्रायडनच्या शेजारचं पान म्हटल्यावर... म्हणजे शनिवार परत आला ना! मी दोनदा विचार केला नाही, राजमा चढवला.

तुम्हाला सांगते, अख्खं ऑर्लिन त्या धावपट्टीवर. धावपट्टी म्हणजे काय, पिकावर औषध फवारायची दोन विमानं उतरतात ती, एरवी तिथं कुत्री झोपतात. कॉलेजचा बँड आला, पूर्ण गणवेशात. महापौरीणबाईंनी टोपी घातली. पाद्री आले, त्यांना वाटलं आशीर्वाद द्यावा लागेल. टकरही आला, दात घासून. त्याला त्याच्या ऑफिसातून काही कळलेलं नव्हतं, पण गाव जमलंय म्हणजे काहीतरी असेल, असं त्याला वाटलं, आणि टकर आलाय म्हणजे नक्कीच आहे, असं गावाला वाटलं! असं ते एकमेकांकडे बघून पक्कं होत गेलं. वारा असा की तुतारीवाल्याची गाण्याची पानं उडून गव्हात गेली. विमान दिसलं. लाईल रडायला लागला. टेकलं. थांबलं. बँडनं कॉलेजचं गाणं सुरू केलं, दार उघडलं, आणि एक बुटका माणूस, डोक्यावर मोठी हॅट, मांडीएवढी उंच स्टीलची टाकी कवटाळून खाली उतरला.

बैलाचं वीर्य विकणारा.

खरं सांगते! उत्तम जातीच्या वळूंचं, गोठवलेलं. वाफा निघत होत्या टाकीतून. गावाबाहेरच्या मॅकफर्सनच्या गोठ्यासाठी आला होता. समोर बँड, महापौर, पाद्री, झेंडे... आता तो काय समजला असेल ते देव जाणे, पण माणूस घरंदाज हो! टाकी खाली ठेवली, हॅट काढून छातीशी धरली, आणि आमचं गाणं संपेपर्यंत ताठ उभा राहिला. दोन्ही कडवी. मग पाद्र्यांना म्हणाला, "इतकं स्वागत माझं कुठंच झालं नाही." पाद्री काय बोलणार? म्हणाले, "आम्ही... गुरांवर फार प्रेम करतो."

त्याला चिली मीच वाढली. चांगली झालीय म्हणाला. मी घरी येऊन उरलेली कुत्र्याला घातली.

पुढं काय व्हायचं ते झालं. टकरनं पत्रकारांना बोलावून सांगितलं की आमची पंगत मोडली नाही, उलट वाढली, चार नवी कॉलेजं येताहेत, आणि त्यात पोर्ट लोवेल आहे. ज्याची सून तिथली, तो एकटा टाळ्या वाजवत होता. मी हात वर केला, "नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार?" टकर म्हणाला, "त्याची चिंता नको बाई, त्या आठवड्याचा सामना आता नव्या कॉलेजाशी, गुरुवारी संध्याकाळी. टीव्हीवाल्यांच्या सोयीनं." मी म्हटलं, "आणि जेवण?" तो म्हणाला, "कसलं जेवण?"

कसलं जेवण! विचारलं का कुणाला, कसलं ते? नाही.

आला शनिवार. यंदा पाळी ड्रायडनची होती. म्हणजे असती. त्यांचा संघ गेला होता कॅलिफोर्नियाला, आमचा गुरुवारीच हरून घरी बसलेला. मी सकाळी उठले. ऑर्लिनचा तांबडा कोट चढवला. स्वतःला म्हटलं, ओटिली, किराणा आणायला चाललीयस. आणि गाडी काढून ड्रायडनला गेले. आता ड्रायडनला किराणा आमच्यापेक्षा ताजा मिळतो असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन, पण गेले.

मैदानाचं पार्किंग, दरवर्षी जिथं पाय ठेवायला जागा नसायची, मोकळं. वारा कागद पळवत होता. आणि त्या एवढ्या रिकाम्या जागेत, कोपऱ्यात नाही, बरोब्बर मधोमध, एक पिकअप. मागची फळी पाडलेली. तिच्यावर टोपली, टोपलीवर हिरवा पंचा, आणि शेजारी घडीच्या खुर्चीवर हिरवा कोट घालून वर्डीन.

"तू इथं काय करतेस?" मी म्हटलं.

"आमची पाळी आहे," ती म्हणाली. "तू काय करतेस?"

"किराणा आणायला आले."

"दुकान तिकडे आहे."

"ठाऊक आहे मला."

मग तिनं दुसरी खुर्ची उघडली. दोन आणल्या होत्या तिनं. ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

बसलो. मी वर्षभर घोळवलेली शिवी तोंडात तयार होती, फार सुंदर शिवी होती, तिच्या संघाच्या बचावफळीवर, पण बाहेर काढणार तर कळलं, ती फळी आमच्याविरुद्ध खेळलीच नाही ना! कशाच्या जोरावर देऊ? तीही काहीतरी म्हणायला गेली. "तुमचा तो क्वार्टरबॅक..." आणि थांबली. तिला त्या पोराचं नावच माहीत नव्हतं. यंदा तिनं आमचा एकही सामना पाहिला नव्हता. मीही तिचा नाही. जिंकायला कुणी नाही, हरायला कुणी नाही. वारा तेवढा.

तिनं पंचा काढला. टोपली भरून बीरॉक. भरून! गावजेवण घालायचं असावं तसे. पहाटेपासून एकटीनं लाटले असणार, हात सुजलेले दिसत होते. एक मला दिला. मी चावला. तोच! तसाच कोरडा, तसाच चिवट, दातांची परीक्षा! आणि ती माझ्याकडे बघत होती, नाक लाल झालेलं, आणि तिनं विचारलं... आयुष्यात कधी विचारलं नव्हतं हो तिनं... "कसा झालाय?"

तोंडात बूट होता. जिभेवर तोच जुना बुटाचा टोमणा होता. फक्त सोडायचा होता.

आणि मी म्हटलं, "छान झालाय गं."

तुम्हाला सांगते, तिचा चेहरा असा पडला... जणू मी तिला कुणी गेल्याची बातमी दिली. मग माझ्या कोटाची बाही ओढून नीट केली आणि म्हणाली, "बरी आहेस ना गं ओटिली?"

"ओटिली" म्हणाली ती. ऑर्लिनकरीण नाही.

मी म्हटलं, "बरी आहे. गुडघे तेवढे." ती म्हणाली, "माझाही डावा जातो मधूनमधून." मी म्हटलं, "तेल लाव." ती म्हणाली, "लावते, आणि आता डोळ्यांचंही ऑपरेशन सांगितलंय." मी म्हटलं, "काळजी घे हो." काळजी घे! मी! वर्डीन स्ट्रोहला! मग तिनं मला अर्धी टोपली बांधून दिली, मी नको नको म्हणत घेतली, ती म्हणाली सावकाश जा, मी म्हटलं तूही फार वेळ वाऱ्यात बसू नकोस.

एका कॉलेजनं पंगत बदलली म्हणे. कुणाचं काय बिघडलं? विचाराल तर सगळे सांगतील, काही नाही बिघडलं. आदल्या वर्षापर्यंत आम्ही एकमेकींच्या वैरिणी होतो हो. आता नुसत्या म्हाताऱ्या.